अकरा उभे, वाजवणारे चार

रशीदभाई, मंगळवारी जाणाऱ्या माणसानं रविवारच्या लग्नाची सुपारी घेऊन ठेवायची नसते. एवढी साधी गोष्ट तुम्हाला कळू नये? अहमदपूरच्या मोंढ्यातल्या आडत्याला शब्द दिला, अकरा माणसांचा बँड आणतो म्हणून सांगितलं, आणि मंगळवारी पहाटे निघून गेलात. मागं दुकानात वाजवणारी तीन माणसं. त्यातला एक खुळखुळेवाला.

नसरीनचा लातूरहून फोन आला तेव्हा मी पुण्यात सोसायटीच्या गेटवर होतो. रात्रपाळीवाला अजून रजिस्टरवर सही करत होता. "चाचा, अब्बा गेले," एवढंच म्हणाली. मी विचारलं, "कुठं गेले?" हा मूर्खपणा माझा. पण तुमच्याबाबतीत कुणीही हेच विचारलं असतं. तुम्ही कायम कुठंतरी गेलेलेच असायचात. मुदखेडला वरात, हदगावला बारसं, उदगीरला कुणाच्या तरी दुकानाचं उद्घाटन.

लातूरला उतरेस्तोवर चार वाजले. तुम्हाला दुपारच्या नमाजनंतर माती दिली होती. तुमच्यात मयत थांबवून ठेवत नाहीत, हे मला काय आज कळलं? तरी चिडलो. कब्रस्तानात पिशवी हातात घेऊन ओल्या मातीसमोर उभा राहिलो आणि पहिलं मनात काय आलं ते खरं सांगतो. दुःख नाही आलं. मनात आलं, या माणसाला आठ दिवसांपूर्वी फोनवर खरं बोलता आलं नसतं का?

आठ दिवसांपूर्वीच बोललो होतो आपण. खोकत होतात. मी विचारलं, "तब्येत कशी हाय?"

"एकदम टॉप."

"दवाखान्यात गेलता का?"

"हाव, गेलतो ना परवाच."

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एकदाचं ऐकलं. आता नसरीन सांगते की तुम्ही खरंच दवाखान्यात गेला होतात. कुठल्याशा दवाखान्याच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं, आणि तुम्ही त्याच्या दारात उन्हात उभं राहून दोन तास क्लॅरोनेट वाजवलं. डॉक्टर आत, तुम्ही बाहेर. फुप्फुसं तपासायची सोडून फुंकून आलात. आणि मला सांगताना खोटं बोललो असंही तुम्हाला वाटलं नसणार.

तुमच्याशी भांडण करणं हे असंच होतं. तुम्ही खोटं बोलायचा नाहीत, आणि खरंही सांगायचा नाहीत.

*

भूकंपाच्या वर्षी मी बँडवाला नव्हतो. गवंडी होतो, औसा तालुक्यातल्या आमच्या गावात. काळा दगड आणि माती, दोन हात रुंद भिंत. माझ्या ओळंब्याची तारीफ व्हायची. ट्रंपेट हा नाद होता, लग्नसराईत आणि गणपतीत तुमच्या बँडमध्ये उभं राहण्यापुरता. विसर्जनाला लातुरात वाजवायला आलो होतो, म्हणून वाचलो. घरी आई होती. पहाटे जमीन हलली आणि आई भिंतीखाली गेली. ती भिंत मी रचली होती. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, आईला चुलीचा धूर लागतो म्हणून, नवी खोली काढून दिली होती.

हे मी कुणाला फारसं सांगत नाही. तुम्हाला सांगायची गरज नव्हती, तुम्ही बरोबर होतात. बँडची मेटाडोर तुम्ही स्वतः चालवत आणलीत. ड्रम, ढोल सगळं दुकानात फेकून दिलं आणि चार दिवस त्या गाडीतून माणसं वाहिली. आधी जिवंत, मग बाकीची. बँडचा लाल कोट अंगात तसाच होता. बदलायला कुणाला सुचलंच नाही. एक म्हातारा आपल्याकडं बघून म्हणाला होता, "बँडवाले कामून आले रे?" तुम्ही त्याला हाताला धरून गाडीत बसवलंत आणि काहीच बोलला नाहीत. तुम्हाला गप्प बसलेलं मी आयुष्यात दोनदाच बघितलं. ते पहिलं.

नंतर सरकारनं घरं बांधायला काढली. गवंड्यांना काम भरपूर होतं. माझ्या हातानं थापी उचलवेना. तुम्ही मला दुकानात आणून ठेवलंत. भाभींनी ताट वाढायला सुरुवात केली आणि एकदाही विचारलं नाही की हा किती दिवस राहणार. रोज सकाळी तुम्ही ट्रंपेटचं नुसतं तोंड, माउथपीस, माझ्या हातात द्यायचात.

"वाजव."

"कशाला?"

"श्वास चालू हाय का न्हाई, बघायचंय मला."

मी फुंकायचो. त्यातून कोंबडीच्या पिल्लासारखा आवाज यायचा. तुम्ही म्हणायचात, "हाय. चालू हाय." आणि चिंचेनं पितळ घासायला बसायचात. महिनाभर हेच. कुणी दुसरा असता तर त्यानं चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या असत्या आणि मी त्याच्या थोबाडीत मारली असती.

त्या हिवाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या एका गावानं पहिलं लग्न काढलं. बँड लावावा की न लावावा यावर तिथं सकाळपासून वाद चालला होता. आपण जाऊन उभे राहिलो आणि कुणी वाजवा म्हणेना, कुणी जा म्हणेना. तुम्ही नवरीच्या आजीपाशी जाऊन वाकलात आणि विचारलंत, "आजी, हळू वाजवू का?" ती म्हणाली, "हळू कामून? लगीन हाय न्हवं?" आपण वाजवलं. माणसं नाचली नाहीत. उभी राहून ऐकत होती, आणि मधेच कुणीतरी हुंदका द्यायचं. पण वाजवलं. त्या दिवसानंतर मी पक्का बँडवाला झालो, आणि हे तुमच्यामुळं झालं हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. का सांगायचं? आधीच तुम्ही किती फुशारकी मारायचात.

*

मग लातूरला पोरं यायला लागली. कुठून कुठून. नांदेडकडची, परभणीकडची, पार चंद्रपूरकडची. पेट्या, गाद्या, आईबाप. गंजगोलाईच्या बाजारापासून दहा पावलं टाकली की क्लासची पाटी. घराच्या पुढच्या खोलीत खानावळ, मागच्या खोलीत आठ पोरं, वरच्या पत्र्यात आणखी सहा. आणि निकाल लागला की गुणवत्ता यादीतल्या पोरांची मिरवणूक. उघडी जीप, हार, गुलाल, पुढं आपला बँड.

तुम्ही किती खूश होतात तेव्हा! "व्यंकट, लग्नसराई दोन. एक वैशाखातली, एक निकालाची." एका दिवसात तीन मिरवणुका वाजवल्यात आपण. ओठ सुजायचे. जीपमधलं पोरगं बिचारं हारात नाकापर्यंत बुडालेलं असायचं. त्याचा बाप मात्र खाली रस्त्यावर नाचायचा.

मी तेव्हाच तुम्हाला म्हणालो होतो, "रशीदभाई, लग्नाची वरात वाजवली की पोरगी एका घरातून दुसऱ्या घरात जाते. या वरातीतलं पोरगं कुठं जातंय?"

"मोठं व्हायला चाललंय."

"कुठं?"

"पुण्याला, मुंबईला. अजून कुठं?"

"मंग आपण त्याला वाजवत वाजवत गावाबाहेर घालवून राहिलो की."

तुम्ही हसलात आणि मला चहा सांगितलात. चहा सांगितला की विषय संपला असं तुम्हाला वाटायचं. शेकडो पोरं आपण अशी वेशीपर्यंत पोचवली. त्यातली किती परत आली? एक डॉक्टर आला, त्यानं दवाखाना काढला. त्याच दवाखान्याच्या दारात तुम्ही शेवटचं वाजवलंत की काय, कुणास ठाऊक. मी चौकशी केली नाही. राग अजून वाढायला नको.

जाणारे काय नुसते हुशारच होते? पोरं हुशारीनं गेली आणि आपली माणसं पोटानं गेली. ट्रॉम्बोनवाला प्रल्हाद भूकंपानंतर दुसऱ्याच वर्षी मुंबईला गोदीत गेला. ढोलवाला युसूफ हैदराबादला बेकरीत. तुम्ही प्रत्येकाला वेशीपर्यंत शिव्या देत गेलात आणि प्रत्येकाचा कोट धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवलात. "येईल. सीझनला येईल." ते पहिल्या वर्षी आले. दुसऱ्या वर्षीही आले. मग त्यांचे फोन आले. मग फोनही येईनात.

मग मी निघालो.

तुम्ही मला त्या दिवसाचं कधी बोलू दिलं नाहीत, म्हणून आज बोलतो. लग्नसराई चार महिने. उरलेले आठ महिने मी दुकानात बसून पितळ घासत होतो आणि कांता, माझी बायको, लोकांच्या शेतात खुरपायला जात होती. मुलगा शाळेत होता. गवंडीकामाला हात जात नव्हता. तुमच्या घरचं ताट किती वर्षं जेवायचं? गावाकडचा एक जण पुण्यात वॉचमन होता, त्यानं बोलावलं. मी तुम्हाला सांगायला आलो तेव्हा तुम्ही माझाच ट्रंपेट घासत होतात.

"जा," वर न बघताच म्हणालात. "पुण्यात लई बिल्डिंगा हाईत. त्यांना कुलूप लाव."

"सीझनला येतो की मी."

"सीझनला पाहुणे येतात. बँडवाला दुकानात बसतो."

"रशीदभाई, पावसाळ्यात काय खायचं, ते सांगा ना मला."

तुम्ही सांगितलं नाहीत. तुमच्याकडं उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की माणसं गप्प बसतात. तुम्ही मात्र चारचौघांत मला गद्दार म्हणालात. मी त्या शब्दासकट बसमध्ये बसलो. पुण्यात दुसऱ्यांनी रचलेल्या भिंती राखायला लागलो आणि रात्री ड्यूटीवर तो शब्द घोळवत बसायचो. तुमच्या लक्षातही नसेल.

*

नसरीन गुणवत्ता यादीत आली तेव्हा मला फोन तुम्हीच केलात. जणू काही झालंच नव्हतं. "ये. माझ्या पोरीची मिरवणूक हाय. तू न्हाई आला तर वाजवणार कोण?"

आलो. कोट अजून बसत होता. जीपमध्ये नसरीन लाजून पार खाली बसली होती आणि तुम्ही सगळ्यांच्या पुढं, पाठ रस्त्याकडं आणि तोंड पोरीकडं करून, उलटं चालत क्लॅरोनेट वाजवत होतात. तीन वेळा पडता पडता वाचलात. गंजगोलाईला पूर्ण फेरी मारलीत. लोक दुकानातून बाहेर येऊन बघत होते. तसं क्लॅरोनेट मी तुमच्याकडून आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. हे आज सांगतो. तेव्हा सांगितलं नाही, कारण दुकानात परत आल्यावर तुम्ही पेढ्याचा बॉक्स फिरवत जाहीर केलंत, "आता पुण्याला. इंजिनिअरिंगला."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी गेलो तर गद्दार. पोरगी चालली तर वरात?"

दुकानात आठ-दहा माणसं होती. कुणी पेढा चावेना.

"तू पोटासाठी गेला," तुम्ही म्हणालात. "ती शिकायला चालली."

"शिकून परत येणार हाय का?"

तेव्हा तुम्ही गप्प बसलात. ते दुसरं. माझ्या हातातून ट्रंपेट घेतलात, फडक्यानं पुसून पेटीत ठेवलात आणि पेटी बंद केलीत. मी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि निघालो. दोन वर्षं आपण बोललो नाही.

बोललो नाही हे ठीक. पण त्या दोन वर्षांत तुम्ही काय केलंत? जुलैमध्ये मला होस्टेलवरून एका बाईंचा फोन. "आपण नसरीन रशीद यांचे लोकल गार्डियन ना? सहीला या." मी म्हटलं, कोण? त्यांनी परत सांगितलं. मी ड्यूटीच्या निळ्या कपड्यांतच गेलो. बाईंनी माझ्या खिशावरचं सोसायटीचं नाव वाचलं, मग फॉर्म वाचला, मग परत माझ्याकडं बघितलं. फॉर्मवर तुमच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात माझं नाव होतं, आणि नात्याच्या रकान्यात ‘चाचा’. विचारणं नाही, सांगणं नाही. भांडण चालू होतं आपलं! शत्रूलाच पोरगी सांभाळायला देऊन मोकळे. नाही म्हणायची सोयसुद्धा ठेवली नाहीत, कारण पोरगी समोर उभी होती आणि तिच्या हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी होती.

"अब्बांनी पाठवलं?" मी विचारलं.

"नाही चाचा, अम्मीनं दिलं."

पिठाच्या पिशवीला मेटाडोरची दोरी बांधलेली होती. भाभी काय मेटाडोरची दोरी कापतील?

चार वर्षं मी त्या पोरीच्या सह्या केल्या. तिला ताप आला तेव्हा दवाखान्यात बसलो. कांता पुण्याला राहायला आली तसे नसरीनचे रविवार आमच्याकडं व्हायला लागले. ती मला तुमच्या तक्रारी सांगायची आणि तुम्हाला माझ्या. तिच्यामुळंच आपण परत बोलायला लागलो. पण त्या गद्दार शब्दाचं काय झालं? तो तुम्ही परत घेतला नाहीत आणि मी मागितला नाही.

तिला नोकरी पुण्यातच लागली. कुठं लागणार दुसरीकडं? तिनं तुम्हाला राहायला बोलावलं आणि तुम्ही कसेबसे चार दिवस टिकलात. ते चारही दिवस तिच्या घरात न बसता माझ्या गेटवर स्टूल टाकून बसलात. समोर बांधकाम चालू होतं. तुम्ही प्रत्येक मजुराला हाक मारून गाव विचारायचात. हा निलंग्याचा, तो हदगावचा, ती बाई अहमदपूरची.

"व्यंकट, सगळा मराठवाडा इथं हाय. मंग तिथं लग्नं कुणाची लागून राहिलीत?"

मी म्हटलं, "मंग इथंच राहा. इथं बँड काढू. माणसं इथंच हाईत सगळी."

तुम्ही गेटमधून जाणाऱ्या गाड्या बराच वेळ बघितल्या. "यातला एक तरी नवरदेव माझ्या ओळखीचा हाय का? कुणाच्या बापाच्या लग्नात मी वाजवलं, मला ठाऊक नसलं तर मी फुंकू कसा?" आणि पाचव्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत.

परत जाऊन काय केलंत? माणसं मिळेनात तर पानवाल्याला कोट घातलात. टेम्पोवाल्याला घातलात. एका क्लासच्या शिपायाला घातलात. अकरा माणसं ओळीत, हातात चकचकीत पितळ, आणि वाजवणारे चार. बाकीचे सात नुसते गाल फुगवून चालायचे. मला फोनवर तुम्ही हे अभिमानानं सांगायचात! एकदा त्या टेम्पोवाल्याला चेव आला आणि नवरी बापाच्या गळ्यात पडून रडत असताना त्यानं खरंच फुंकलं. तुम्ही म्हणालात, "व्यंकट, म्हैस व्याली असं वाटलं रे. नवरीच हसायला लागली." तुम्ही हसत होतात, मग खोकत होतात, मग बराच वेळ नुसतंच खोकत होतात. मी म्हटलं, बंद करा आता हे. तुम्ही म्हणालात, "तू ये. मंग एक खोटा कमी होईल."

प्रत्येक फोनचा शेवट हाच. तू ये. मला वैताग यायचा. खरंच यायचा, रशीदभाई. घरात कांता म्हणायची, फोन वाजला की तुमचा चेहरा आधीच पडतो.

*

बुधवारी त्या अहमदपूरच्या आडत्याचा फोन आला. भला माणूस. म्हणाला, "कळलं आम्हाला. आम्ही डीजे सांगतो, तुम्ही दुःखात आहात." मी हो म्हणणारच होतो. तेवढ्यात नसरीन आतून आली. "चाचा, अम्मी बोलावते."

तुमच्या मागं भाभी आता चार महिने इद्दतीत, परक्या माणसासमोर येणार नाहीत. मी पडद्याच्या अलीकडं सतरंजीवर बसलो. ज्या बाईच्या हातचं मी इतकी वर्षं जेवलो तिचा फक्त आवाज ऐकायचा, हे मला जड गेलं.

"त्यांनी शब्द दिलता ना अहमदपूरला?" भाभींनी विचारलं.

"दिलता. पण भाभी, घरात मयत झालीय. आणि माणसं कुठं हाईत?"

"मयत त्यांची झाली. शब्द त्यांचाच हाय. बघा तुम्ही."

तुमची बायकोही तुमच्यासारखीच. मी दुकानात जाऊन तुमची फोनची वही काढली आणि एकेकाला लावत गेलो. प्रल्हादनं विचारलं, "रविवारी?" मग म्हणाला, "येतो." युसूफ म्हणाला, "शनिवारच्या गाडीत बसतो." पुण्यात गेलेले आपले पाच जण, माझ्याच आसपासचे, वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघितलेले, तेही येतो म्हणाले. कुणी कारण सांगितलं नाही, कुणी अट घातली नाही. शनिवारी संध्याकाळी दुकानातले तिघे आणि आम्ही आठ असे सगळे जमले. कपाटातून कोट निघाले. कुणाची बटणं लागेनात. प्रल्हादचं टक्कल पडलंय. युसूफ तर त्याच्या कोटात मावलाच नाही, त्यानं तो नुसता खांद्यावर टाकला. एकमेकांना बघून आम्ही हसलो, आणि मग कुणाला हसू येईना.

रविवारी सकाळी अहमदपूर. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या देवळाकडं निघाला आणि आम्ही पहिलं गाणं उचललं. तुमचं क्लॅरोनेट कुणालाच येत नाही, म्हणून चाल मी ट्रंपेटवर घेतली. पहिल्याच गाण्यात ओठ फुटला. दुसऱ्या गाण्यात दम लागला. प्रल्हाद दोनदा चुकला. पण युसूफचा ढोल तसूभरही हलला नाही, आणि रशीदभाई, अकराच्या अकरा वाजवत होते. एकही खोटा नव्हता. देवळापाशी आडत्याचा म्हातारा बाप माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "माझ्या वरातीला तुमच्या रशीदचा बाप होता वाजवायला." मी मान हलवली. तोंड मोकळं नव्हतं, हे बरं झालं.

जेवणं झाल्यावर एका पाहुण्यानं मला गाठलं. "कार्ड द्या तुमचं. वैशाखात पोरीचं लगीन हाय."

"बँड बंद झाला," मी म्हणालो.

असं मी ठरवलं नव्हतं. कुणाला विचारलंही नव्हतं. तो माणूस अजून घामानं भिजलेल्या अकरा जणांकडं बघत होता. त्याला वाटलं असेल, याचं डोकं फिरलंय. चिडला असाल तर चिडा. पण सोमवारी सकाळी प्रल्हादला गोदीत आणि युसूफला भट्टीवर हजर व्हायचं होतं, मला गेटवर. मी कुणाच्या जिवावर वैशाखाची सुपारी घेऊ? तुम्ही घेतली असती. मी नाही घेऊ शकत. तुम्ही माणसं नसताना बँड चालवलात, ते माझ्यानं व्हायचं नाही.

दुपारी लातूरला परत येऊन सगळे स्टँडवरून पांगले. मी घरी गेलो, पडद्याअलीकडं बसलो.

"कसं झालं?" भाभींनी विचारलं.

"झालं नीट."

"कोण कोण आलतं?"

मी नावं सांगत गेलो. प्रल्हाद. युसूफ. एकेक नाव घेतलं की आतून "हां" यायचं. शेवटचं नाव झालं आणि "हां" आलं नाही. नसरीन म्हणाली होती की मंगळवारपासून अम्मी रडलेली नाही. त्या आता रडत होत्या, आणि मला ते नुसतं ऐकू येत होतं.

मग म्हणाल्या, "एवढे सगळे आले? ते असताना एकानं तरी यायचं होतं, व्यंकटभाऊ. तुमचा फोन ठेवला की मला म्हणायचे, त्याला रजा मिळत न्हाई गं. साहेब लई कडक हाय त्याचा."

पाणी मागितलं, प्यालो आणि उठलो.

तुम्हाला सांगतो. साहेब कडक नव्हता, रशीदभाई. रजा मागितली असती तर मिळाली असती. मीच मागत नव्हतो.